बालपरिचर्येतील नैदानिक निर्णय आणि कुटुंबकेंद्रितता : एक चिकित्सा

प्रास्ताविक

परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'नैदानिक निर्णय' आणि 'कुटुंबकेंद्रित परिचर्या' या दोन संकल्पना बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत शिकविल्या जातात. पहिली परिचारिकेच्या बुद्धीचा विषय मानली जाते, दुसरी तिच्या सौजन्याचा. रुग्णाची लक्षणे ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, अग्रक्रम ठरविणे हे पहिलीत येते. पालकांशी आदराने बोलणे, त्यांना माहिती देणे, मुलाजवळ बसू देणे हे दुसरीत. परीक्षेतील प्रश्नही याच विभागणीला धरून काढले जातात. परिणामतः कुटुंबकेंद्रितता म्हणजे निर्णय झाल्यानंतर पाळावयाची रीत, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो. प्रस्तुत लेखात या विभागणीचीच चिकित्सा केली आहे. बालरुग्णाच्या बाबतीत ही विभागणी व्यवहारात तर टिकत नाहीच, पण नैदानिक निर्णयाविषयीच्या मान्यवर सिद्धान्तांच्या स्वतःच्या गृहीतकांवरही ती टिकत नाही, असे दिसून येते.

सिद्धान्तातील एक अपुरी जागा

क्रिस्टीन टॅनर यांचे २००६ साली 'जर्नल ऑफ नर्सिंग एज्युकेशन'मध्ये प्रसिद्ध झालेले प्रारूप आज नैदानिक निर्णयाच्या अध्यापनाचा पाया मानले जाते. लक्षात येणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे आणि चिंतन करणे अशा चार अंगांनी त्यांनी परिचारिकेच्या विचारप्रक्रियेचे वर्णन केले. अध्यापनात या चार अंगांचीच उजळणी होते. त्यांच्यामागे टॅनर यांनी संशोधनाच्या आढाव्यातून काढलेले जे निष्कर्ष आहेत, ते मात्र दुर्लक्षित राहतात. त्यांतील एक निष्कर्ष येथे महत्त्वाचा आहे. उत्तम निर्णय हा काही अंशी रुग्णाला 'ओळखण्यावर', म्हणजे त्याच्या नेहमीच्या प्रतिसादाची घडण ठाऊक असण्यावर अवलंबून असतो, असे टॅनर सांगतात. रुग्णामध्ये झालेला सूक्ष्म बदल ज्याला त्याचे नेहमीचे रूप माहीत आहे त्यालाच जाणवतो, हा त्यातील आशय होय.

हा निष्कर्ष प्रौढ रुग्णाला लावला तर फारशी अडचण येत नाही. प्रौढ रुग्ण स्वतःविषयी बोलू शकतो. आठ महिन्यांच्या बालकाला तो लावला की प्रश्न निर्माण होतो : या बालकाला ओळखते कोण? पाळीवर आलेल्या परिचारिकेची त्याच्याशी ओळख काही तासांची असते; आईची आठ महिन्यांची. टॅनर यांचा निष्कर्ष प्रमाण मानला, तर बालकक्षातील नैदानिक निर्णयाचा एक आवश्यक घटक परिचारिकेच्या ठायी नसून खाटेशेजारी बसलेल्या स्त्रीच्या ठायी आहे, असे तर्काने मान्य करावे लागते. प्रारूपात मात्र या स्त्रीला स्वतंत्र जागा नाही. ती पार्श्वभूमीत विलीन होते. प्रारूप एकट्या परिचारिकेच्या मनाचे चित्र काढते, आणि बालपरिचर्येत निर्णय एकट्या मनात होत नाही.

पॅट्रिशिया बेनर यांच्या १९८४ च्या 'फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट' या ग्रंथाकडे पाहिल्यास ही उणीव अधिक ठळक होते. ड्रायफस बंधूंच्या कौशल्य-संपादनाच्या मांडणीचा आधार घेऊन बेनर यांनी नवशिकीपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या सांगितल्या. निष्णात परिचारिकेला नियमांचा आधार न घेता परिस्थितीचे मर्म कळते. 'काहीतरी बिनसले आहे' हे तिला आकडे बदलण्यापूर्वीच जाणवते. या अंतःप्रेरणेला ज्ञानाचा दर्जा मिळवून देणे ही बेनर यांची मोठी कामगिरी होय. तिच्यावर आक्षेप घेतले गेले, ते आजही घेतले जातात. पण परिचर्येच्या व्यवसायाने ती मनोमन स्वीकारली. आता आईचे ज्ञान पाहावे. तेही नियमांनी बांधलेले नसते, दीर्घ सहवासातून आलेले असते, आणि तेही 'काहीतरी बिनसले आहे' याच शब्दांत व्यक्त होते. ज्ञानाचा प्रकार एकच असताना परिचारिकेच्या बाबतीत त्याला 'प्रावीण्य' आणि आईच्या बाबतीत 'घाबरटपणा' म्हटले जाते. या दुटप्पीपणाचे समर्थन सिद्धान्तात कोठेही सापडत नाही; ते केवळ अधिकाराच्या उतरंडीतून आलेले आहे.

याला केवळ तात्त्विक कुरकुर समजण्याचे कारण नाही. बालकांतील गंभीर संसर्ग ओळखण्यासंबंधीच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. हा आजार नेहमीपेक्षा वेगळा आहे अशी पालकांना वाटणारी चिंता आणि वैद्यकाची अंतःप्रेरणा, या दोहोंची गणना त्यात ठळक धोक्याच्या खुणांमध्ये करण्यात आली. हे अभ्यास विकसित देशांतील बाह्यरुग्ण सेवेतील होते, म्हणून त्यांचे निष्कर्ष जिल्हा रुग्णालयाच्या बालकक्षाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि आईची चिंता हे निरीक्षण आहे की केवळ भावना, या वादात त्यांचे वजन निश्चित एका बाजूला पडते.

शारीरिक कारणही आहे. प्रौढात आघाताच्या अवस्थेत रक्तदाब तुलनेने लवकर खाली येतो. बालकाचे शरीर नाडीची गती वाढवून आणि परिघीय रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब बराच काळ टिकवून धरते. तो उतरतो तेव्हा वेळ जवळजवळ गेलेली असते. शिवाय ताप, रडणे, भीती यांमुळेही नाडी वाढते. म्हणजे जे आकडे तक्त्यात नोंदविले जातात त्यांतील एक उशिरा बदलतो आणि दुसरा अनेक कारणांनी बदलतो. या मधल्या काळात बालकाच्या वागण्यातला बदल हाच पुष्कळदा पहिला पुरावा असतो.

शांत झालेले मूल

या प्रश्नाचा इतिहास इंग्लंडमध्ये सुरू होतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. जेम्स रॉबर्टसन यांनी जॉन बोल्बी यांच्यासमवेत काम करीत असताना १९५२ साली 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' हा चित्रपट तयार केला. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे त्यात चित्रण आहे. आईपासून दुरावलेल्या बालकाच्या वर्तनाच्या निषेध, निराशा आणि अलिप्तता अशा तीन अवस्था रॉबर्टसन यांनी मांडल्या. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलांस भेटण्याची मोकळीक असावी अशी शिफारस केली. येथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकांत असते, आणि ती सहसा करुणेची कथा म्हणून सांगितली जाते.

वस्तुतः ती निर्णयातील चुकीचीही कथा आहे. पहिल्या अवस्थेत मूल आक्रोश करते, तेव्हा कक्षातील सेवकवर्गाला ते त्रासात आहे हे कळते. दुसऱ्या अवस्थेत ते गप्प होते, आणि मूल 'रुळले' असा अर्थ लावला जातो. आई भेटायला आली की ते पुन्हा रडू लागते, म्हणून आईच्या येण्याने मुलाला त्रास होतो असा निष्कर्ष काढला जातो. निरीक्षण अचूक, अर्थ उलटा. टॅनर यांच्या परिभाषेत सांगायचे तर लक्षात येणे घडले, पण अर्थ लावण्याची पायरी फसली. कारण हे मूल घरी कसे असते, हे ज्यांना माहीत होते त्यांनाच दाराबाहेर ठेवले होते. कुटुंबाला आत घेण्याची मागणी मुलाच्या मनासाठी होती तितकीच ती निदानाच्या शुद्धतेसाठीही आवश्यक होती. ॲन केसी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या भागीदारीच्या प्रारूपातही बालकाच्या गरजा कोणी भागवायच्या याचा विचार आहे. बालकाविषयीचे ज्ञान कोणाचे प्रमाण मानायचे, हा प्रश्न तेथेही दुय्यम राहिला.

कुटुंबकेंद्रित परिचर्येच्या समर्थकांनी आणखी एक गोष्ट मान्य करावयास हवी. या संकल्पनेचा जितका उद्घोष झाला तितका तिचा पुरावा जमविला गेला नाही. लिंडा शील्ड्स आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात, रुग्णालयातील बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसंबंधी निकषांना उतरणारा केवळ एकच अभ्यास मिळाला. शील्ड्स यांनी स्वतः ही संकल्पना कितपत राबविण्याजोगी आहे असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. मोजमापाची अडचण बहुधा संकल्पनेच्या सैलपणात आहे. आईला खुर्ची देणे, तिला माहिती देणे, तिच्याकडून काम करून घेणे आणि तिचे म्हणणे निर्णयात धरणे या चार भिन्न गोष्टी एकाच नावाखाली मोजल्या, तर हाती काय लागणार?

'दूध ओढत नाही'

मराठी मुलखातील बालकक्षात आईचे निरीक्षण कोणत्या भाषेत येते, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. 'बाळ दूध ओढत नाही', 'मान टाकली', 'पोट उडतंय', 'टाळू खोल गेली', 'कालपासून मलूल आहे', 'रडण्यात जोर नाही', 'नजर लावत नाही', 'नुसता कण्हतो'. हे शब्द ऐकणाऱ्यास घरगुती वाटतात. पण त्यांतील प्रत्येक शब्द एका शारीरिक खुणेकडे बोट दाखवितो. दूध न ओढणे म्हणजे चोखण्याची क्षमता मंदावणे. मान टाकणे म्हणजे स्नायूंचा ताण हरपणे. पोट उडणे म्हणजे श्वासाचे कष्ट. टाळू खोल जाणे म्हणजे शरीरातील पाणी घटणे. कण्हणे हे श्वसनमार्ग उघडा ठेवण्याच्या धडपडीचे चिन्ह असू शकते. एकात्मिक बालरोग व्यवस्थापनाच्या पद्धतीत दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांतील धोक्याची सर्वसाधारण लक्षणे म्हणून जी सांगितली जातात, म्हणजे पिता न येणे, प्यालेले सर्व ओकून टाकणे, आकडी आणि सुस्ती वा बेशुद्धी, त्यांपैकी पहिली तिन्ही आईला विचारूनच कळतात.

या भाषेचे दुसरे वैशिष्ट्य असे, की ती तुलनेची भाषा आहे. 'कालपासून', 'नेहमीसारखा नाही', 'आधी असा नव्हता' हे शब्द तिच्यात वारंवार येतात. तक्त्यातील आकडा क्षणाचा असतो, आईचे वाक्य बदलाचे असते. परिचारिकेच्या टिपणात मात्र या सर्वांचे रूपांतर 'मूल चिडचिडे, आहार कमी' अशा दोन-चार शब्दांत होते, आणि काळाचा धागा तुटतो. पुढच्या पाळीवरील परिचारिकेला तेच टिपण वाचावयाचे असते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने केलेले काम या संदर्भात वेगळ्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. घरोघरी नवजात-परिचर्येच्या त्यांच्या क्षेत्रीय अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ गावांतील या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यूंचे प्रमाण नियंत्रण-गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. या यशाची चर्चा बहुधा प्रतिजैविकांच्या आणि गावातील प्रशिक्षित आरोग्यदूतांच्या अंगाने होते. जंतुदोष ओळखण्यासाठी जी लक्षणे या कामातून निश्चित झाली, त्यांत अर्भकाचे रडणे क्षीण होणे किंवा थांबणे, दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, हातपाय ढिले पडणे, अंग थंड लागणे यांचा समावेश आहे. यांतील बहुतेक लक्षणे 'आधी होते, आता नाही' या स्वरूपाची आहेत. आधीचे ज्याला ठाऊक नाही त्याला ती ओळखताच येणार नाहीत. जी भाषा रुग्णालयात घरगुती म्हणून बाजूला पडते, तीच येथे निदानाचे साधन झाली.

अर्थात मराठी हीच सर्व मातांची भाषा नव्हे. मेळघाटातील कोरकू, भामरागडची माडिया, नंदुरबारची भिली बोलणाऱ्या आईचे निरीक्षण कक्षापर्यंत पोहोचते ते दुभाष्याच्या तोंडून, आणि तो दुभाषा बहुधा तिचा नवरा किंवा कक्षातील सफाई कर्मचारी असतो. या वाटेत काय गळून पडते, याचा अभ्यास परिचर्या महाविद्यालयांनी हाती घेण्यासारखा आहे.

हजर, पण अनुपस्थित

पाश्चात्त्य साहित्यातील कुटुंबकेंद्रिततेचा लढा कुटुंबाला कक्षात प्रवेश मिळावा म्हणून होता. भारतातील सार्वजनिक रुग्णालयाच्या सर्वसाधारण बालकक्षाला तो तसाच लावणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध देणे होय. येथे आई अहोरात्र खाटेवर किंवा खाटेखाली असते. ती मुलाला भरविते, अंग पुसते, सलाईन संपल्याचे सांगते, लघवीचा नमुना पोहोचविते. वडील औषधे आणावयास धावतात. परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येमुळे कक्ष चालतोच मुळी कुटुंबाच्या श्रमावर. म्हणून येथील प्रश्न प्रवेशाचा नाही. कुटुंबाचे हात वापरले जातात आणि डोळे वापरले जात नाहीत, हा येथील प्रश्न आहे. राउंडच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढण्याची प्रथा ही या विसंगतीची परिसीमा होय. ज्या क्षणी माहितीची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी माहिती असणारी व्यक्ती व्हरांड्यात उभी असते.

नवजात अतिदक्षता कक्षात परिस्थिती याच्या उलट होती. तेथे संसर्गाच्या भीतीने आईला काचेपलीकडे ठेवले जाई. दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना प्रशिक्षण देऊन नवजात-परिचर्येत सहभागी करून घेण्याचे काम झाले. तेथील यादृच्छिक चाचणीत रुग्णालयीन संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही आणि निव्वळ स्तनपानाचे प्रमाण वाढले. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कुटुंब-सहभागी परिचर्येची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. १ किलो ते १.७९९ किलो वजनाच्या अर्भकांना जन्मानंतर लगेच कांगारू-पद्धतीने आईजवळ ठेवल्यास २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणावी लागली. या चाचणीने आईच्या निर्णयक्षमतेविषयी काही सिद्ध केले असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल; त्वचास्पर्श, ऊब, स्तनपान, कमी हाताळणी अशी कारणे तिच्यामागे संभवतात. पण आईला बाहेर ठेवण्याच्या बाजूने केला जाणारा सर्वांत जुना युक्तिवाद तिने निकाली काढला.

येथेही सावधगिरी हवी. मनुष्यबळाची तूट भरून काढण्यासाठी आईला कामाला जुंपणे आणि त्याला कुटुंब-सहभाग म्हणणे, हा मोह प्रशासनाला सहज होऊ शकतो. प्रसूतीनंतर चार दिवसांची ओली बाळंतीण तासन्‌तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असेल, तर त्या व्यवस्थेला कुटुंबकेंद्रित म्हणणे धाडसाचे होईल.

कुटुंब म्हणजे कोण?

आतापर्यंतच्या विवेचनात 'आई' आणि 'कुटुंब' हे शब्द जणू समानार्थी असावेत तसे आले. प्रत्यक्षात ते तसे नाहीत, आणि पाश्चात्त्य प्रारूपाची सर्वांत मोठी मर्यादा येथे उघडी पडते. मुलाला ओळखणारी व्यक्ती आणि मुलाविषयी निर्णय घेणारी व्यक्ती आपल्याकडे पुष्कळदा भिन्न असतात. संमतिपत्रावर सही वडिलांची, शब्द आजोबांचा, उपचाराविषयीचे मत सासूबाईंचे आणि निरीक्षण आईचे. वडीलधाऱ्यांसमोर सून बोलत नाही. अशा स्थितीत 'कुटुंबाला निर्णयात सहभागी करा' या सूचनेचे भाबडे पालन केले, तर अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्याच हाती तो अधिक एकवटतो, आणि ज्ञान जिच्याकडे आहे ती गप्पच राहते. मुलगी असल्यास उपचार अर्धवट सोडून घरी नेण्याचा आग्रहही याच 'कुटुंबाच्या इच्छेत' मोडतो, हे विसरून चालणार नाही. स्वतः मूल तर या सर्वांच्या पलीकडे राहते. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या अनुच्छेदाने मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा अधिकार दिला आहे आणि भारताने १९९२ मध्ये या कराराला मान्यता दिली आहे. तरीही सात-आठ वर्षांच्या मुलाला 'तुला काय होतंय?' असे विचारण्याऐवजी प्रश्न त्याच्या डोक्यावरून मोठ्यांना केला जातो.

आईचे निरीक्षण विश्वसनीय असले तरी तिचा अर्थ नेहमीच बरोबर असतो असे नाही. डेंग्यूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान ताप उतरतो आणि नेमक्या त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून आघाताची अवस्था येण्याचा धोका असतो. ताप उतरला, मूल शांत झोपले, म्हणून घरची मंडळी सुटी मागू लागतात. इंग्लंडच्या जुन्या कक्षात शांत मुलाचा चुकीचा अर्थ सेवकवर्गाने लावला होता. येथे तोच चुकीचा अर्थ कुटुंब लावते. ताप उतरल्यानंतरची सुस्ती, पोटदुखी आणि थंड पडलेले हातपाय यांचा एकत्रित अर्थ लावणे हे परिचारिकेच्या शास्त्रीय ज्ञानाचे काम आहे आणि त्या क्षणी तिने कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध ठाम राहणे हाच योग्य नैदानिक निर्णय होय. मात्र त्याच रात्री 'आता तो मला ओळखल्यासारखं करत नाही' असे आई म्हणाली, तर तिचे म्हणणे 'घरी जाऊ द्या' या मघाच्या आग्रहासोबत निकालात काढता येणार नाही. इच्छा आणि निरीक्षण यांची ही निवड करणे कठीण असते, आणि कोणत्याही प्रारूपात ती शिकविलेली नाही.

इंग्लंडमध्ये यावर संस्थात्मक उत्तर शोधण्याचा प्रयत्न अलीकडे झाला. २०२१ मध्ये तेरा वर्षांच्या मार्था मिल्सचा जंतुदोषाने मृत्यू झाला. तिच्या प्रकृतीविषयी आईवडिलांनी व्यक्त केलेल्या चिंतेची वेळीच दखल घेतली गेली नव्हती. त्यानंतर 'मार्थाज रूल' या नावाने, कुटुंबाला थेट दुसऱ्या चमूकडून तातडीची तपासणी मागता यावी अशी व्यवस्था २०२४ पासून तेथील रुग्णालयांत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ही व्यवस्था आवश्यक आहे. पण ती अखेरचा उपाय आहे. आईला परिचारिकेला ओलांडून पुढे जावे लागले, याचा अर्थ खाटेशेजारचा संवाद आधीच अयशस्वी झालेला असतो. शिवाय आपल्याकडील सर्वसाधारण कक्षातील आई, जी डॉक्टरांशी बोलताना उठून उभी राहते, ती असा अधिकार कितपत वापरील, याविषयी शंकाच आहे.

अधिक साधा आणि अधिक दूरगामी बदल नोंदवहीत करता येण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर तयार झालेल्या बालरुग्णांच्या पूर्वसूचना-तक्त्यात नाडी, श्वास यांच्याबरोबर पालकांच्या चिंतेचीही नोंद घेतली जाते. आपल्या कक्षांतील नाडी-श्वास-तापमानाच्या तक्त्यात तशी ओळ नाही. महाविद्यालयांत विद्यार्थिनींकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या परिचर्या-आराखड्यातही कुटुंबाचा उल्लेख दोनच ठिकाणी येतो : आरंभी कौटुंबिक इतिहासात, जेथे वडिलांचा व्यवसाय आणि मासिक उत्पन्न लिहिले जाते, आणि शेवटी आरोग्यशिक्षणात, जेथे आईला स्वच्छतेविषयी उपदेश केला जातो. मधल्या रकान्यांत, जेथे निरीक्षण, निदान आणि मूल्यमापन असते, तेथे ती नसते. त्या रकान्यांत 'आईचे शब्द' अशी एक ओळ घालून, ते तिच्याच भाषेत आणि वेळेसह उतरवून घेण्यास नवा निधी लागत नाही की नवे शासकीय परिपत्रक. आराखड्याचा नमुना महाविद्यालयातील शिक्षकच ठरवितात.